बुडकीवर

१

जगदेव गाभणे पाझर तलावात सापडले, तेव्हा त्यांच्या सदऱ्याची सगळी बटणं लावलेली होती.

मासे धरणाऱ्या हरीओमनं त्यांना सकाळी ओढून काठावर आणलं होतं. सहायक निरीक्षक सुचिता खोबरेकर तिथं पोचल्या, तेव्हा त्यांना आधी खटकली ती ही बटणं. मे महिन्यात आंघोळीला उतरणारा माणूस सदरा काढून ठेवतो. आणि साठी ओलांडलेले जगदेव म्हणजे उभा जन्म पाण्याकाठी भाजीपाला पिकवलेला माणूस. त्यांना पाण्यात कसं उतरायचं हे कोणी सांगायला नको होतं. कपाळावर जखम होती. खिशात फोन नव्हता.

"पाय घसरला असन, मॅडम," शेजारी उभे असलेले गोपालभाऊ बोडखे म्हणाले.

गोपालभाऊ गावातले मोठे बागायतदार. संत्र्याची बाग, ट्रॅक्टर, डोक्याला स्वच्छ पांढरा रुमाल. किन्हीराजाच्या आतल्या त्या छोट्या गावात पोलीस आले की पुढं होऊन खुर्ची टाकायची, पाणी मागवायचं, माणसं बोलवायची, हे काम त्यांचंच.

"या बांधावरून घसरले म्हणता?"

"बांध नाई म्हनत आमी याले. पाळ म्हनतो. बांध वावराले असते."

 सुचिताबाई मूळच्या मालवणच्या. इथं बदली होऊन वर्ष होत आलं तरी नाल्याला त्यांच्या तोंडून 'व्हाळ' निघायचं आणि समोरचा माणूस हसायचा. गोपालभाऊ हसत नसत. ते शांतपणे दुरुस्त करत, आणि त्याचाच बाईंना जास्त राग येई.

संध्याकाळी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचा फोन आला. मृत्यू बुडूनच झाला होता. कपाळाची जखम जीव घेण्याएवढी नव्हती.

"पण एक सांगतो," डॉक्टर म्हणाले, "दोन्ही हातांची नखं तुटली आहेत. आणि नखांत करडी भुकटी आहे. सिमेंट दिसतंय."

सुचिताबाईंनी फोन ठेवला. त्या तलावाची पाळ मातीची होती आणि तिला काळा दगड लावलेला होता. सिमेंट कुठंच नव्हतं.

२

जगदेवची मुलगी वैभवी पुण्याहून आली होती. घरात बाया बसल्या होत्या म्हणून ती ओसरीवर येऊन बोलली. गोपालभाऊ तिथंच पायरीवर बसले होते. तिरडीपासून तेराव्यापर्यंतचं सगळं तेच बघणार होते.

"त्या दिवशी दुपारी बाबांचा फोन आला होता," वैभवी म्हणाली. "मी ऑफिसात होते, जेवायची वेळ होती, आजूबाजूला गोंगाट. बाबा म्हणाले, 'मी बुडकीवर आहो. लय मोठी गोष्ट सापडली. घरी गेलो की सांगतो.' आणि फोन कट झाला. मी परत लावला तर लागला नाही."

"बुडकी म्हणजे?"

वैभवीनं मान हलवली. "मला वाटलं, जागेचं नाव असेल एखाद्या. मी विचारणारच होते."

"बुडकी म्हंजे डुबकी," गोपालभाऊ म्हणाले. "आंघोय. आमच्याकडं पोट्टे म्हनतात ना, बुडकी मारून येतो. तो तलावावर आंघोयीले गेला होता, सरळ हाये."

"मग ती मोठी गोष्ट कोणती?"

"एखादा मोठा मासा पायला असन. जगदेवचा जीव लहान गोष्टीतच रमे, मॅडम."

हवालदार चंपत इंगळे बाईंच्या मागं उभा होता. तो कारंज्याकडचा. त्यानंही मान डोलावली. बुडकी म्हणजे डुबकी, यात काय विचारायचं, असा त्याचा चेहरा.

जगदेवची बायको सोजरबाई दाराशी येऊन उभी राहिली होती. बारीक, काळीसावळी बाई. तिनं एकाच प्रश्नाचं उत्तर दिलं.

"घरात सिमेंटचं काही काम चाललं होतं का?" सुचिताबाईंनी विचारलं.

"कायचं सिमेंट, बाई? भाज्या वाळून चालल्या. पानी नाई प्याले, त बांधकाम कोन करन?"

मग ती थांबली आणि पुतण्याच्या घराकडे बघत म्हणाली, "त्या दिनेशले विचारा. आदल्या दिवशी भांडले दोघं. सारा गाव ऐकत होता."

३

दिनेश घरात नव्हता. तो जऊळक्याच्या रेल्वे स्टेशनवर सापडला, बाकड्यावर, पिशवी मांडीवर घेऊन. चंपतनं त्याला आणला. चाळिशीचा, उन्हानं रापलेला, सतत खाली बघणारा माणूस. 

"पळत होतास?"

"पळून कुटं जाऊ? बहिनीकडं चाललो होतो. इथं जो तो माह्याकडंच पाहून राह्यला."

"काकाशी भांडण कशावरून झालं?"

"पान्यावरून." त्यानं तोंड पुसलं. "आमच्या भाज्या नाल्यातल्या झिऱ्यावर आहेत. वाळूत खड्डा खोदायचा, पाझर येते, त्याले आमी झिरा म्हनतो. दर उन्हाळ्यात पुरते. औंदा एकदम आटले. काका म्हने, कोनीतरी वरून पानी ओढून राह्यलं, चोरून मोटर लावली. आन् ते म्हने मीच लावली. माह्यावर नाव घेतलं, मॅडम. माही वांगी त्याच्या आधी वाळली."

"नाल्यावर मोटर लावायची नाही, असं ठरलंय ना गावात?"

"ग्रामसभेत ठरलं. गोपालभाऊनंच ठराव मांडला. तवापासून कोनाची हिंमत नाई."

"तुझ्या काकाच्या फोनबद्दल ठाऊक आहे? बुडकीवर आहे म्हणाले होते."

"पोहाले गेले असतीन." मग कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "पन ते कायले पोहतीन? गुडघे दुखत त्याचे."

हरीओम मासेवाल्याचाही जगदेवशी जुना खटका होता. जगदेव तलावात भाजी धुवायचे, माती सोडायचे, आणि हरीओम ओरडायचा. त्या दुपारी तो शिरपूरच्या बाजारात होता. चार दुकानदारांनी त्याला पाहिलं होतं.

"संध्याकाळी येऊन मी जाळं टाकलं," तो म्हणाला. "जिथं ते सकाळी सापडले ना, अगदी तिथंच. तवा तिथं काई नोतं. मानूस नाई, चप्पल नाई, काई नाई."

"खात्री आहे?"

"मी खात्रीनंच सांगून राह्यलो. पन तुमी मले खरं धरान का?"

 त्याचं म्हणणं खरं असेल, तर जगदेव दुपारी तलावात बुडाले नव्हते. त्यांना नंतर कोणीतरी तिथं आणून टाकलं होतं. आणि ते खोटं असेल, तर हरीओमइतका सोयीचा संशयित दुसरा नव्हता.

४

पुढचे दिवस सुचिताबाईंना आयुष्यभर लक्षात राहावेत इतके वाया गेले.

वरच्या साहेबांचे फोन रोज येत. "बुडून मेलाय ना? डॉक्टर सांगतोय ना बुडून मेलाय? मग अपघात म्हणून मिटवा. बटणावर आणि नखावर किती दिवस बसणार?"

"सर, त्या नखांतलं सिमेंट—"

"गवंडीकाम केलं असेल कुठंतरी."

बाईंनी गावात गवंडीकामाचा शोध घेतला. जगदेवनी कुठंच थापी धरलेली नव्हती. दिनेशच्या वावरात चोरटी मोटर शोधली. नव्हती. तलावाच्या काठानं दोन्ही बाजूंनी माणसं लावून फोन शोधला. मिळाला नाही. आणि जो भेटेल त्याला त्या एका शब्दाबद्दल विचारलं. शाळेतली पोरं, चहावाला, एसटीचा कंडक्टर, देवळातला गुरव, सगळे तेच सांगायचे. बुडकी मारणे. बुडी, डुबकी, गोता. एक जण तर दोन्ही हातांनी नाक दाबून करूनही दाखवत होता.

"मॅडम, तुमाले दुसरं काय पायजे हाये त्या शब्दातून?" चंपत एकदा वैतागून म्हणाला.

"मला ठाऊक असतं तर विचारलं असतं का?" त्या त्याच्यावर खेकसल्या, आणि नंतर त्यांना स्वतःचीच चीड आली.

त्या नाल्यात उतरून दिनेशनं दाखवलेले झिरे पाहत होत्या. वाळूतले कोरडे खड्डे. एकाच्या तळाशी ओल होती, तीत माश्या बसल्या होत्या. काठावर वांग्याची झाडं कागदासारखी वाजत होती. त्या खड्ड्यांकडे बघताना त्यांना जाणवलं की आपण पोलीस असून या बाईला, सोजरबाईला, काहीच देऊ शकलेलो नाही. नवऱ्याच्या मरणाचं कारणही नाही.

तेवढ्यात आईचा फोन आला.

"खंय आसस गो?" आईनं मालवणहून विचारलं.

"व्हाळार आसंय," सुचिताबाई म्हणाल्या. "मागाहून करतंय."

फोन ठेवला आणि त्या वाळूत तशाच उभ्या राहिल्या. व्हाळावर आहे. विहिरीवर आहे, नदीवर आहे, वावरावर आहे. माणूस डुबकीवर कसा असेल? डुबकी मारतात, घेतात. आंघोळीला जातात. 'वर' असतो तो जागेवर.

जगदेव काय करत होते ते सांगत नव्हते. कुठं आहेत ते सांगत होते.

५

वाशिमच्या एका कॉलेजात मराठी शिकवणारे प्राध्यापक दौलतसिंग राठोड वऱ्हाडी शब्द गोळा करतात, असं कोणीतरी सांगितलं. बाईंनी फोन लावला. ते पेपर तपासत होते आणि पहिली काही वाक्यं त्यांनी अगदी नाराजीनं ऐकली. शब्द कानावर पडला तसा त्यांचा आवाज बदलला.

"बुडकी? दोन अर्थ आहेत. एक तर बुडी, ते सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरा म्हणजे ओढ्याच्या किंवा नदीच्या अगदी काठाला खणलेली लहान विहीर. दगडानं बांधलेली. वाहत्या पाण्याचा पाझर तिच्यात उतरतो आणि वरून उपसून काठावरची बागायत भिजवतात."

बाईंनी डोळे मिटून घेतले. "मग इथं एकालाही हे कसं ठाऊक नाही?"

"वस्तूच गेली ना. घरोघर विहिरी झाल्या, बोअर झाले, काठावरच्या बुडक्या पुरात गाळानं भरल्या. वस्तू गेली की शब्द बेवारशी होतो. मग नव्या पोरांनी तो डुबकीला जोडून टाकला. जुन्या बागायती घरांत, तेही ज्यांनी लहानपणी तिच्यावर पाणी ओढलंय, अशा माणसांच्याच तोंडी मी तो ऐकलाय."

"मूळ काय शब्दाचं?"

"बुडणे, दोन्हीकडे तेच. माणूस बुडतो ती क्रिया, मोट किंवा बादली बुडते ती जागा. असं मला वाटतं, हा माझा अंदाज समजा. आधीचा अर्थ कोणता ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. तुम्हाला कोणाच्या तोंडून मिळाला? मला त्यांच्याशी बोलता येईल?"

"ते वारले, सर," बाई म्हणाल्या. "म्हणूनच विचारतेय."



आता जागा शोधायची होती. बाई सोजरबाईकडे गेल्या. तिला हा शब्द ठाऊक नव्हता. ती शिरपूरकडची, तिच्या माहेरी विहिरीला हीर म्हणत, वाळूतल्या खड्ड्याला झिरा. पण एवढं तिनं सांगितलं की जगदेवच्या आजाचं वावर पूर्वी नाल्याच्या वरच्या अंगाला होतं. तिचं लग्न व्हायच्या आधीच एका मोठ्या पुरात त्याचा काठ खचला आणि मग ते विकलं गेलं.

"कोणाला?"

"गोपालभाऊच्या बापाले. आता त्याची संत्र्याची बाग हाये तिथं. लहानपनी दोघं संगंच खेळत तिकडं, हे आन् गोपालभाऊ."

बाई चंपतला घेऊन वरच्या अंगाला गेल्या. नाल्याचा काठ धुंडाळला. बाभळी, मुरूम, कडब्याची एक गंजी, आणि पलीकडे हिरवीगार बाग. विहिरीचा मागमूस नव्हता. बागेतून गोपालभाऊ आले, रुमाल सारखा करत.

"बाग छान ठेवलीय, एवढ्या उन्हातही," बाई म्हणाल्या.

"बोअरले पानी लागलं. नशीब."

"इथं काठाला कुठं जुनी विहीर होती का?"

"इथं?" ते सहज म्हणाले. "नाई बा. असं काईच नोतं इथं."

त्या परत फिरल्या. साहेबांनी दुसऱ्या दिवशीपर्यंत कागद पाठवायला सांगितलं होतं.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी सुचिताबाई गोपालभाऊंच्या अंगणात चहा पीत होत्या. केस मिटवतोय, सही लागेल, एवढंच सांगून त्या आल्या होत्या. गोपालभाऊ मोकळेपणानं बोलत होते. त्यांनी सोजरबाईच्या पुढच्या व्यवस्थेचं काढलं, गावानं काय करायला हवं ते सांगितलं. बाई ऐकत होत्या.

रात्रभर त्यांनी एकाच गोष्टीचा विचार केला होता. या माणसाला शब्द ठाऊक असणार. जगदेवबरोबर तो त्याच काठावर वाढला. तरी शब्द निघाल्याबरोबर, कोणी विचारायच्या आत, त्यानं दुसरा अर्थ पुढं केला. पण ठाऊक असणार, हे काही सिद्ध करणं नव्हे. आपल्याजवळ दुसरं काय आहे? हा माणूस आपली भाषा दुरुस्त केल्याशिवाय राहत नाही, एवढंच.

"काल मी उगाच तुमच्या काठावर हिंडले," त्या म्हणाल्या. "सोजरबाई सांगत होत्या ना, जगदेवच्या आजांचा तिथं जुना झिरा होता. वर्षानुवर्षं त्याच झिऱ्यावर त्यांनी मळा भिजवला म्हणे."

"झिऱ्यावर कुटं मळा भिजते, मॅडम?" गोपालभाऊ हसून म्हणाले. "झिरा नाल्यात वाळूत असते, पूर आला की बुजते, दर साली नवा खोदा लागते. त्यायची त बांधेल होती, काळ्या दगडाची, काठाले. झिरा नोहे ते, बुडकी—"

त्यांच्या हातातला कप बशीवर आला. अंगणात कोंबडी फिरत होती, तिच्याकडे ते बघत राहिले.

"बोला ना," बाई म्हणाल्या. "बुडकी म्हणजे डुबकी, असं तुम्ही मला सांगितलं होतं. आणि काल म्हणालात, तिथं काहीच नव्हतं."

"बुजली ते. लय वर्सं झाले. म्हून नाई सांगतलं."

"चला, दाखवा कुठं बुजली ते."

गोपालभाऊ उठले नाहीत. बाईच उठल्या. काठावर पोचेपर्यंत त्यांच्या डोक्यात आदल्या दिवशीचं चित्र फिरत होतं, आणि आता त्यातली एक वस्तू चुकीच्या जागी दिसत होती. गोपालभाऊंचा गोठा गावात होता. मग ढोरांचा कडबा कोणी एवढा लांब, नाल्याच्या काठावर आणून का रचेल?

"चंपत, माणसं बोलावून घे. ही गंजी हलवायची."

पेंढ्या निघत गेल्या तसा खालून आवाज यायला लागला. बारीक, एकसारखा. जमिनीच्या पोटात मोटर चालू होती.

७

कडब्याखाली सिमेंटचा ढापा होता, आणि त्याला माणूस उतरेल एवढ्या तोंडावर सिमेंटचंच झाकण. चंपतनं जोर लावून ते सरकवलं. आत काळ्या दगडाची जुनी, घोटीव बांधणी. माणसाच्या दुप्पट खोली असेल. मोटर ओढत होती आणि तळ दिसत होता. घोट्याइतकं पाणी, गाळ, आणि गाळात अर्धवट रुतलेला एक फोन.

मग त्यानं झाकण उलटं केलं. खालच्या बाजूला बोटांनी ओरबाडल्याच्या रेघा होत्या. बांधणीच्या पुढं आलेल्या दगडांवर पाय देत कोणीतरी वर चढलं होतं आणि झाकणापर्यंत पोचलं होतं.

दिनेश नाल्यातून धावत आला होता. तो आत बघून मागं सरला आणि मुरमावर बसला.

गोपालभाऊंना आणलं तेव्हा त्यांचा रुमाल हातात होता. ते उभ्यानंच बोलू लागले.

"औंदाच म्या गाळ काढला हिचा. बाग जळत होती, मॅडम. बोअर कोरडा गेला. बापाच्या हातची झाडं हायेत ते. म्या मोटर लावली, पाइप खालून नेला. इथं त्या दिवशी जगदेव आला. झाकन सरकवून पाहून राह्यला होता. मले म्हने, 'गोपाल, ठराव तूच मांडला, अन् आमच्या तोंडचं पानी तूच ओढतं?' म्हने, आजच गावाले दाखवतो. म्या त्याचा हात धरला. त्यानं हिसका देल्ला, तोल गेला अन् आत पडला. म्या नाई ढकललं."

"मग बाहेर का नाही काढलं?"

"वाटलं, खलास झाला. डोकं आपटलं होतं. म्या झाकन लावलं. अंधार पडल्यावर दोरानं वर ओढून ट्रॅक्टरनं तलावावर नेलं. कडबा मंग रचला."

"तो मेला नव्हता, गोपालभाऊ. आतून झाकण ओरबाडत होता."

"मले काय ठाऊक? मोटर चालू होती. आवाज ऐकू नाई आला." त्यांनी वर पाहिलं. "देवाशपथ, मोटरच्या आवाजात काईच ऐकू नाई आलं."

सुचिताबाई बुडकीच्या तोंडाशी गेल्या आणि खाली बोट दाखवलं.

"आता मोटर चालू आहे. बघा, पाणी किती आहे ते."

गोपालभाऊंनी पाहिलं नाही.

"घोट्याएवढं. मोटर चालली की इथं एवढंच पाणी राहतं. घोट्याएवढ्या पाण्यात, पाय रोवून झाकणापर्यंत चढणारा माणूस बुडत नाही. जगदेव बुडून मेले. म्हणजे त्या दुपारी पाझर साचून साचून पाणी त्यांच्या डोक्यावर गेलं. म्हणजे मोटर बंद होती. तुम्हीच बंद केलीत, कारण गाव जगदेवना शोधायला निघेल आणि आवाजामागं इथं येईल, याची तुम्हाला भीती होती."

 मोटरचा आवाज तेवढा चालू होता.

"आणि मोटर बंद असेल," बाई म्हणाल्या, "तर तुम्हाला सगळं ऐकू आलं."

गोपालभाऊंच्या हातातून रुमाल गळून पडला. तो त्यांनी उचलला नाही. मग ते म्हणाले, "त्यानं लहानपनीच्या नावानं हाका मारल्या मले."

८

त्यानंतर साहेबांचा फोन आला. ते शाबासकी देत होते. सुचिताबाईंना ती ऐकवेना. जामिनाच्या पहिल्या सुनावणीत गोपालभाऊंच्या वकिलानं बुडकी या शब्दाचा अर्थ डुबकी असाच होतो, हे सांगण्यात बराच वेळ घेतला. राठोड सर साक्षीला यायला तयार होते. तारीख पुढं गेली. वकील पुन्हा तेच सांगणार होता आणि सर पुन्हा तेच, हे दिसत होतं. नखं, झाकण आणि फोन होते म्हणून बरं; नुसत्या शब्दावर ही केस उभी राहिली नसती. आणि त्या शब्दाशिवाय ती कोणाला कळलीही नसती.

मोटर जप्त झाली. त्यानंतर एका सकाळी बाई गावात जबाबासाठी गेल्या, तेव्हा वैभवी त्यांना नाल्याकडे घेऊन आली. आईला पुण्याला न्यायचं म्हणून ती दोन दिवस समजूत घालत होती. सोजरबाई ऐकून घ्यायची आणि उठून नाल्यात येऊन बसायची.

आताही ती झिऱ्याच्या काठाला बसली होती. खड्ड्यात पाणी आलं होतं. स्वच्छ, तळाची वाळू दिसेल असं. खालच्या दोन्ही झिऱ्यांतही आलं होतं. दिनेश पलीकडे वाळलेली वांगी उपटून ढीग करत होता. त्यातलं एकही झाड आता पाण्यानं उठणार नव्हतं.

सुचिताबाई तिच्याजवळ वाळूत बसल्या.  "पाणी आलं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि म्हणताच त्यांना वाईट वाटलं.

"आलं ना," सोजरबाई म्हणाली. "तवाच आलं असतं, त ते तिकडं पाहाले गेलेच नसते."

तिनं हात पाण्यात घातला आणि काढून लुगड्याला पुसला. वैभवी मागं उभी होती, ती तोंड फिरवून दुसरीकडे बघायला लागली.

"आई, चल ना आता. इथं काय राहिलंय?"

"कोथिंबीर टाकतो," सोजरबाई म्हणाली. "ते लवकर येते. तू जाय, तुही नोकरी हाये. मी मंग पाहीन."

तिनं लोट्यानं पाणी भरायला घेतलं. लोटा बुडायचा, भरायचा, हंड्यात रिकामा व्हायचा. पाणी गढूळ झालं की ती थांबायची आणि पुन्हा नितळ होईपर्यंत वाट बघायची. घाई नव्हती तिला. हंडा काठोकाठ भरला तशी ती उठली, चुंबळ डोक्यावर नीट केली आणि सुचिताबाईंकडे पाहिलं.

"बाई, जरा हात लावा."

सुचिताबाईंनी वाकून हंडा उचलला आणि तिच्या डोक्यावर दिला. थोडं पाणी त्यांच्या वर्दीवर सांडलं. सोजरबाई न डगमगता नाल्याच्या चढाला लागली.